लांब दांड्याची पळी

वसईकडच्या एका आळीत, अंथरुणाला खिळलेल्या कायतानआजांना रोज एकेका घरातून पेज जाई. ज्या घराची पाळी, त्याच्या दाराला लाकडी पळी टांगलेली असे.

एका घरची पेज पातळ, दुसऱ्या घरची घट्ट, हे नव्या फादर जेरोमना खटकलं. रविवारी मिस्सानंतर त्यांनी जाहीर केलं, "यापुढे सगळ्या आजाऱ्यांची पेज चर्चच्या स्वयंपाकघरातूनच जाईल. ती पळी जमा करा."

दुसऱ्या दिवशी आळीतल्या फिलोमिनाबाय पळी घेऊन फादरांच्या दारात हजर झाल्या. दांड्याला त्यांनी दहा हात लांब बांबू बांधला होता. पळी काही दारातून आत येईना.

"हे काय, बाय?"

"फादर, इथून आजांच्या तोंडापर्यंत पोचायला हवी ना? अजून दोन मैल कमीच पडतेय बघा."

फादरना हसू आवरेना. "मग चर्चने काय हातावर हात ठेवून बसायचं?"

"छे! पुराचं पाणी शिरून आमच्या चुली विझतात, तेव्हा तुमचं मोठं पातेलं चढवा. बोलावण्याची वाट बघू नका."

मग बायने बांबू सोडला आणि पळी फादरांच्याच दाराला टांगली.

"उद्याची पाळी तुमची. आजांना मीठ बेताचं लागतं, आणि भरवताना गप्पा भरपूर."