मानकऱ्यांचा चौथरा

श्रीमंत त्र्यंबकराजे भुजंगराजे कासेगिरीकर, वय वर्षे बासष्ट, यांना पराभव मुळीच सहन होत नसे. त्यांच्या पगारी बास्केटबॉल संघाला मात्र तो चांगलाच मानवला होता. धारखिंड संस्थानच्या संघाने कासेगिरीच्याच मैदानावर त्याला लागोपाठ तिसऱ्या वर्षी धूळ चारली, तेव्हा राजेसाहेबांनी दरबार भरवला आणि दोषी कोण, असा सवाल केला.

संघातील पाचही खेळाडू दरबारचे मानकरी होते. सर्वांची पन्नाशी उलटलेली, पोटे सुटलेली. धाप तेवढी घराण्याला शोभेल अशी मोठी लागे. कर्णधार होते राणीसाहेबांचे बंधू, ज्यांना सारे संस्थान मामासाहेब म्हणे. मैदानावरही दरबारी रीत कसोशीने पाळली जाई. चेंडू देण्यापूर्वी कनिष्ठाने ज्येष्ठाला मुजरा करायचा आणि ज्येष्ठाने तो सावकाश स्वीकारायचा. तेवढ्या अवधीत धारखिंडीचे खेळाडू चेंडू पळवून, जाळीत टाकून परतही येत. गेल्या दसऱ्याला राजेसाहेबांनी पाच चपळ तरुण भरती केले होते. परंतु मानकऱ्यांच्या आधी त्यांनी चेंडूला हात लावणे हा अपमान ठरत असल्याने, ते बिचारे बाहेर उभे राहून मानकऱ्यांचे शेले सांभाळत.

"दोष मैदानाचा आहे," मामासाहेब म्हणाले. "मैदान उताराचे. रखवालदार सुभानजीने ते नीट राखलेच नाही."

"मग सुभानजीने संस्थानची हद्द सोडावी," राजेसाहेबांनी फर्मावले.

सुभानजीने हात जोडले. त्याच्या मागे उभी असलेली त्याची मुलगी येसू पुढे आली.

"सरकार, एक विचारू? अर्धा खेळ झाला की दोन्ही संघ बाजू बदलतात. मग तेव्हा उतार कोणाच्या बाजूने असतो?"

"पोरीला खेळातले काय कळते?" मामासाहेब गुरकावले.

"काही कळत नाही, मामासाहेब. आपल्याला कळत असेल असे वाटले, म्हणून विचारले."

दरबारात दोघातिघांना एकदमच खोकला आला. राजेसाहेबांच्या कपाळावर आठी चढली. हट्टाला पेटले की ते कोणाचे ऐकत नसत.

"ठीक आहे. संघ तूच बांध. या तरुणांना घेऊन बांध आणि धारखिंडीला हरवून दाखव. मात्र एकाही मानकऱ्याला संघातून काढायचे नाही. कोणाचा मान तसूभरही कमी करायचा नाही. आणि कोणत्याही पोराला त्यांच्या बरोबरीने उभे करायचे नाही. यातले एक जरी चुकले, तर बापलेकींनी मैदानावरूनच चालू लागायचे."

घरी पोहोचताच सुभानजी भांडी गोळा करू लागला.

"राहू द्या, बाबा," येसू म्हणाली. "पाच म्हातारे हलवायचे आहेत, डोंगर नव्हे. आणि हलायला त्यांना तसेही आवडत नाही."

दुसऱ्या दिवशी ती मामासाहेबांच्या वाड्यावर गेली.

"मामासाहेब, दरबारात उभे कोण राहते?"

"चाकर."

"आणि इकडून तिकडे धावते कोण?"

"हुजरे. पण हे तू मला का विचारतेस?"

"कासेगिरीचे मानकरी हुजऱ्यांसारखे धावतात, असे धारखिंडीचे लोक म्हणत असतील, तर त्यात नवल नाही."

मामासाहेबांचा चेहरा उतरला. एवढी वर्षे धावून ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

"मग आम्ही करायचे तरी काय?"

"मैदानाच्या कडेला उंच चौथरा घालू. गादी, तक्का, वर अब्दागिरी. प्रत्येक मानकऱ्याच्या नावाने खाली एक तरुण खेळेल. त्याने मिळवलेला गुण त्याच्या धन्याच्या नावाने पुकारला जाईल."

"आणि मुजरा?"

"तो शेवटी. एकदाच, सगळ्यांना मिळून."

सायंकाळपर्यंत पाचही मानकऱ्यांत भांडण जुंपले. खेळावरून नव्हे, मधल्या गादीवर कोणी बसायचे यावरून. अखेर ती मामासाहेबांनी मिळवली. आयुष्यात त्यांनी जिंकलेला हा पहिलाच सामना.

ठरल्या दिवशी पोरे मैदानात उतरली. मुजऱ्यासाठी कोणी थांबत नव्हते, त्यामुळे चेंडूही थांबत नव्हता. धारखिंडीच्या खेळाडूंना मध्ये घुसायला सवडच सापडेना. चेंडू जाळीतून पडला की भालदार पुकारी, "मामासाहेबांचा गुण!" आणि ज्यांचा चेंडू आजवर जाळीच्या जवळूनही गेला नव्हता, ते मामासाहेब हात उंचावून लोकांचे अभिवादन स्वीकारीत. कासेगिरीने सामना सहज जिंकला.

राजेसाहेब मात्र संतापून उठले. "पोरी, सामना जिंकलास, पण अट मोडलीस. मानकऱ्यांना तू संघाबाहेर बसवलेस."

"सरकार, लढाईत तलवार शिपाई चालवतात. विजय कोणाच्या नावाने पुकारतात?"

"आमच्या."

"मग सरकार लढाईबाहेर बसले, असे म्हणायचे का?"

राजेसाहेब चौथऱ्याकडे वळून म्हणाले, "मामासाहेब, उठा. मैदानात उतरा आणि आपली जागा घ्या."

मामासाहेबांनी तक्का छातीशी घट्ट धरला. "उठलो असतो, सरकार. पण मी उठलो की शेजारच्या गादीवरचे इनामदार माझी गादी बळकावतील."

बाकीच्या चौघांनीही आपापले तक्के आवळले.

"यांचा मान तर वाढलेला दिसतो," राजेसाहेब खाली बसत म्हणाले. "पण पोरी, हे संघात आहेत म्हणतेस, तर संघासाठी करतात काय?"

"आजवर करीत होते तेच, सरकार. फक्त आता मध्ये येत नाहीत."

राजेसाहेब इतके हसले की त्यांची पगडी कानावर आली. मामासाहेबही हसले, कशाला, ते त्यांना कळले नव्हते. राजेसाहेबांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून येसूच्या हाती दिला आणि मैदानालगतची जमीन सुभानजीला इनाम करून दिली.

पुढच्या वर्षापासून संघाची निवड येसू करू लागली, आणि संघात येण्याचा हट्ट धरणाऱ्या नव्या मानकऱ्यांसाठी चौथऱ्यावर आणखी दोन गाद्या घालाव्या लागल्या.