केरसुणी नसलेले देऊळ

पाहुण्यांनो, हे आमचे देऊळ. छप्पर शोधू नका, नाही. देव नाही, आणि केरसुणीही नाही. चार भिंतींत दिसतो तो पाल्याचा ढीग. त्याला नाक मुरडू नका, तीच आमची पूजा.

असे सांगतात, की या सड्यावर, म्हणजे या कातळी पठारावर, पूर्वी देवीची दाट झाडांची राय होती आणि रायीत पुरुषभर उंचीचे वाळवीचे वारूळ. तेच आमच्या सातेरीदेवीचे रूप. गावचा मानकरी भिवा गावकर याची एकुलती लेक शेवंती तापाने फणफणली, तेव्हा तो नवस बोलला, की पोर वाचली तर जन्मभर देवीची राय अंगणासारखी झाडून ठेवील. पोर वाचली. मोठी झाल्यावर रोज ती राय झाडी आणि पान न् पान कड्याखाली लोटी. गावाला केवढे कौतुक! एकटी भिवाची म्हातारी आत्या तेवढी कुरकुरे, "गो बाये, ह्यो केर न्हय. ही उद्याची माती." पण नवसापुढे म्हातारीचे कोण ऐकतो?

माती काही आभाळातून पडत नाही हो. जांभा दगड झिजतो, मुळे त्याला फोडतात, पाला कुजतो, गांडुळे आणि वाळवी सगळे कालवतात, तेव्हा कुठे पिढ्या उलटल्यावर बोटभर साठते. शेवंतीने पालाच ठेवला नाही. उघड्या जमिनीवर पाऊस कोसळे आणि माती ओहोळाने खाडीत जाई. मुळे उघडी पडून झाडे कोलमडली. वाळवीला खायला उरले नाही. वारूळ ओस पडले, आणि एका पावसाळ्यात विरघळून गेले.

तोवर शेवंतीचे केस पिकले होते. उघड्या कातळावर बसून ती म्हणाली म्हणे, "तिना माका जगवल्यान, आणि मियां तिकाच झाडून काढलंय."

मग कड्याखाली लोटलेला पाला ती टोपलीने वर आणू लागली. वाऱ्यापावसाने जाऊ नये म्हणून तिने भोवती या भिंती रचल्या. मरेपर्यंत आणत राहिली. वाईट वाटते हो, भक्तीत तिची कसूर नव्हती.

आजही आम्ही इथे फूल वाहत नाही, ओंजळभर पाला वाहतो. दरवर्षी मी ढिगाखाली हात घालून बघतो. चार बोटे काळी माती आहे, मग कातळ. वाळवी अजून आलेली नाही. तुमच्याकडे ती दिसली की औषध मारतात. आम्ही पिढ्यान् पिढ्या तिची वाट बघतोय.