कोकणात उगवलेला नागपूरचा चंद्र

एक वृद्ध गणिती कोकणात, समुद्राकाठच्या एका गावी राहत असत. पंचांगाचं गणित त्यांच्या हाडीमासी मुरलेलं. तिथी कधी लागते, कधी सरते, हे संगणकाला पायरीपायरीनं समजावणारा कोड त्यांनी वीस वर्षं खपून लिहिला आणि उघडा ठेवला. उघडा म्हणजे कसा, तर वाटेवरच्या वडाच्या सावलीसारखा. ज्याला हवा त्यानं घ्यावा, आपल्या कामाला जोडावा, सुचलं तर त्यात भर घालावी, आणि भर अस्सल निघाली तर तीही सगळ्यांचीच. अशा साठ्याला लायब्ररी म्हणतात. कुठकुठल्या देवळांतल्या, घरांतल्या, पार आखातातल्या मराठी माणसांच्या फोनातल्या दिनदर्शिका या म्हाताऱ्याच्या गणितावर चालत, आणि निम्म्या लोकांना त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

लायब्ररीच्या पहिल्या पानावर ती सांभाळणाऱ्यांची नावं असत. वीस वर्षांत सातच. आठवं आपलं लागावं म्हणून नागपूरची एक मुलगी या गणिती गुरुजींकडे येऊन राहिली होती. बुद्धीनं तल्लख, आणि ते तिला माहीतही होतं.

तिनं भर घातली ती चंद्रोदयाची. संकष्टीचा उपास चंद्र पाहून सुटतो, आणि तिथी कळली तरी चंद्र कधी दिसेल हे जुना कोड सांगत नसे. मुलीनं जुन्या गणिताची एक वीटही न हलवता शेजारी नवी खोली बांधावी तसं काम केलं. कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत, आठही संकष्ट्यांना तिची आई नागपुरात गच्चीवर उभी राहून चंद्र दिसला की फोन करी. एकदाही मिनिटाचा फरक पडला नाही. आषाढातल्या संकष्टीला सकाळीच मुलीनं आईला सांगून टाकलं, "आई, आज माझं नाव लागते बघ."

गुरुजींनी कोड वाचला. मान डोलावली. मग फडताळातून एक आख्खी सुपारी काढून तिच्या हातावर ठेवली.

"ही तोंडात धर. चावायची नाही, काढायची नाही. शेजारच्या मास्तरीणबाई येताहेत. त्या तुझा कोड वापरतील. तू नुसतं बघायचं."

"पण गुरुजी, त्यांना समजावून..."

"धर तोंडात."

मुलगी मनात म्हणाली, म्हातारपण. पण धरली.

मास्तरीणबाई शाळेत संगणक शिकवत. गावातल्या ऐंशी बायकांना त्या दर संकष्टीला चंद्रोदयाची वेळ फोनवर धाडत. त्यातून आषाढाचं आभाळ. चंद्र ढगाआड, म्हणजे सगळा भरवसा घड्याळावर. बाई ऐसपैस मांडी घालून बसल्या.

"काय गो, आलीस काय? बोलत का नाहीस? नागपूरकडे पाव्हण्याशी बोलत नाहीत काय?"

मुलीनं गालातली सुपारी दाखवली.

"बरं झालं. इथं येणारी पोरं फार बोलतात."

बाईंनी नवा कोड आपल्या कामाला जोडला. तारीख दिली. संगणकानं वेळ दिली, आठ वाजून एकेचाळीस मिनिटं. बाई खूश झाल्या. "एका ओळीत काम झालं की. हुशार आहेस हो."

मुलीची छाती फुगली, आणि लगेच तिच्या ध्यानात आलं. बाईंनी गाव सांगितलंच नव्हतं. आणि कोडनं विचारलंही नव्हतं, कारण गाव न सांगितल्यास नागपूर धरायचं, असं तिनंच कधीतरी आईच्या सोयीनं लिहून ठेवलं होतं. तिच्या लेखी जगाचा चंद्र तिच्याच गच्चीवर उगवत होता. नागपूर पूर्वेला, तिथं चंद्र आधी दिसतो. इथं तो उगवायचा तो नऊ वाजून चार मिनिटांनी. दिवसभर उपास धरलेल्या ऐंशी बायका न उगवलेल्या चंद्राला अर्घ्य देऊन जेवायला बसल्या असत्या, आणि तेही तिच्या भरवशावर.

तिनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी वाती वळत बसल्यासारखे शांत. बाईंनी निरोप लिहिला. बोट धाडायच्या खुणेवर टेकणार, तोच मुलीनं सुपारी थुंकली.

"बाई, थांबा. ही वेळ नागपूरची आहे."

सुपारी घरंगळत गुरुजींच्या पायाशी गेली. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. आठवं नाव गेलं, हे तिनं ओळखलं.

"मी नियम मोडला, गुरुजी."

"मोडलास ते बरं केलंस. तू न मोडतीस तर मी मोडणार होतो." गुरुजींनी सुपारी उचलली. "बाळ, तुझं गणित चोख आहे. पण तुझा कोड हजार गावी जाईल, आणि तिथं तू नसशील. तिथं तो वापरणाऱ्यासमोर तुझ्या तोंडात कायमची सुपारी असेल. आत्ता थुंकून जे बोललीस, ते आधीच लिहून ठेवायचं असतं. आपण वस्तू देतो, तिच्याबरोबर आपली जीभही द्यावी लागते."

बाई हळूच म्हणाल्या, "माझीपण चूक गो. विचारायला हवं होतं मी."

"नाही बाई," मुलगी म्हणाली, "विचारायची वेळ तुमच्यावर यायला नको होती."

त्या दुपारी तिनं नागपूर पुसलं. आता गाव दिल्याखेरीज कोड वेळ सांगेना, उलट विचारी, कुठला चंद्र हवा? मग ती लिहायला बसली. वेळ कशी मागायची, गाव कसं द्यायचं, आपलं गाव यादीत नसेल तर ते कसं जोडायचं, काय मोजलं आहे आणि काय मोजलेलं नाही. डोंगराआडच्या गावाला चंद्र उशिरा दिसेल, हेसुद्धा. एकेक वाक्य ती बाईंना वाचायला देई, आणि बाई अडल्या की खोडून पुन्हा लिही. त्या संकष्टीला गावातल्या बायका नऊ वाजून चार मिनिटांनीच जेवल्या.

गुरुजींनी तिची भर लायब्ररीत घेतली. नाव मात्र लावलं नाही. मुलीनंही विचारलं नाही.

पौषात एके सकाळी गुरुजींनी तिला हाक मारली. तंजावरच्या एका मराठी कुटुंबातल्या मुलानं आपल्या भागातली चाळीस गावं तिच्या कोडला जोडून धाडली होती, सगळी बिनचूक. सोबत त्यानं एवढंच लिहिलं होतं, की काही विचारावं लागलं नाही.

गुरुजींनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग पहिलं पान उघडून सात नावांखाली आठवं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं, आणि तीच सुपारी तिच्या हातावर ठेवली.

"आता ही तुझ्याकडे. पुढच्या मुलाला तू द्यायची."

मुलीनं नागपूरला फोन लावला. आईनं विचारलं, "काय म्हणतात गुरुजी?"

"काही नाही," ती सुपारीवरून अंगठा फिरवत म्हणाली, "तंजावरच्या एकानं मला काही विचारलं नाही."

आपण केलेलं काम परक्याच्या हातात आपल्यावाचून चालावं, यापरता कर्त्याला दुसरा मान नाही.