धारेच्या वरच्या अंगाला

"मग वीस वर्षं तुम्ही त्या माणसाबरोबर एका पाण्यात उभे तरी कसे राहिलात, बाबा?"

"पायांवर," नथनेलबाबा म्हणाले.

काठावरची माणसं हसली. विचारणारा अलीशा हसला नाही. तीन वर्षं बायबल कॉलेजात काढून तो नुकताच बाबांच्या जागी आमच्या मंडळीचा पास्टर झाला होता, आणि त्या दिवसांत त्याला कशाचंच हसू येत नसे.

प्रवरेवर दरवर्षी दोन मंडळ्यांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी होतो. एक आमची, दुसरी नदीपलीकडची, बवाज पास्टरांची. आम्ही पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो, ते फक्त येशूच्या नावाने. बाकी उपास तोच, हात वर करून मोठ्याने प्रार्थना करणं तेच. पण एवढ्या फरकावरून सख्ख्या भावांनी एकमेकांकडचं जेवण सोडलेलं मी पाहिलं आहे.

बाबांच्या वेळी दोन्ही पास्टर शेजारी उभे राहत. एकाने आपल्या माणसाला पाण्यात बुडवून वर काढायचं, दुसऱ्याने वरच्या अंगाला उभं राहून धार पाठीवर घ्यायची. मग उलट. यंदा बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिला. ते काठावर खुर्ची टाकून बसले होते, खांद्यावर एक टॉवेल.

"त्यांची शिकवण चुकीची आहे," अलीशा म्हणाला. "शेजारी उभं राहायचं म्हणजे ती मान्य केल्यासारखं होतं. आजपासून आपलं वेगळं. तुम्ही फक्त हो म्हणा."

बाबांची नजर नदीच्या फुगलेल्या धारेवर होती.

"बाबा?"

"सकाळी धरणातून पाणी सोडलंय."

"मी विचारतोय काय, तुम्ही सांगताय काय!"

"तेच सांगतोय."

अलीशा एकटाच पाण्यात उतरला.

बवाज पास्टर काठावरच आपल्या माणसांत उभे राहिले. आमच्या लोकांनी एक गाणं धरलं, त्यांच्या लोकांनी दुसरं. मी खंजिरी वाजवत होतो, आणि कुठल्या तालावर वाजवतोय ते माझं मलाच कळत नव्हतं.

पहिले शिमोनभाऊ सुतार. सहा फूट उंच, अंगाने भक्कम. त्यांची दारू सुटावी म्हणून बायकोने अकरा वर्षं प्रार्थना केली होती. आज ती पदर तोंडाला लावून काठावर उभी होती.

अलीशाने शब्द उच्चारले, एकही न चुकता. शिमोनभाऊंना मागे झुकवून पाण्याखाली नेलं.

वर आणता येईना.

धार शिमोनभाऊंच्या शर्टात शिरली. अलीशाचा पाय शेवाळावरून सुटला. दोघेही पाण्याखाली... गाणी थांबली. शिमोनभाऊंच्या बायकोने किंकाळी फोडली.

"अलीशा!" बाबा खुर्चीतून ओरडले.

बवाज पास्टर कपड्यांसकट आत घुसले. वरच्या अंगाला जाऊन त्यांनी धारेला पाठ दिली. एका हातात अलीशाची कॉलर, दुसऱ्यात शिमोनभाऊंचा दंड. आणि दोघांना ओढून उभं केलं.

शिमोनभाऊ खोकले. डोळे उघडले. मग दोन्ही हात वर करून त्यांनी अशी आरोळी ठोकली, की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

"हालेलूया!"

"हालेलूया!" दोन्ही मंडळ्या एकदमच गरजल्या. त्यातून एक गाणं उठलं. ते आमचं होतं की त्यांचं, हे बघायचं राहूनच गेलं. मी रडत होतो, आणि खंजिरी कधी नव्हे ती तालात वाजत होती.

बवाज पास्टर बाहेर यायला वळले. अलीशाने त्यांचा हात धरला.

"थांबा, पास्टर. आपले अजून दहा जण आहेत."

आमचे पाच, त्यांचे पाच. आमच्यांवर अलीशाने आमचे शब्द उच्चारले, बवाज पास्टर धार अडवून उभे. त्यांच्यांवर बवाज पास्टरांनी त्यांचे, तेव्हा वरच्या अंगाला अलीशा. ओठ घट्ट मिटलेले, पण पाय रोवलेले. दहाही जण वर आले, आणि दर माणसागणिक गाण्याचा आवाज चढत गेला.

शेवटी दोघे निथळत बाबांसमोर आले. बवाज पास्टरांच्या तळपायाला खडक लागून रक्त येत होतं.

अलीशा थंडीने कुडकुडत होता, पण हटवादी तो हटवादीच.

"बाबा, खरं सांगतो. मला अजूनही यांची शिकवण चुकीची वाटते."

"मलाही तुझी," बवाज पास्टर हसून म्हणाले.

"मग बरोबर कोण, एवढं तरी सांगा!"

बाबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून अलीशाच्या हातात दिला.

"एकच आणलाय. आधी त्यांचे पाय पूस."