पट्टी लावून खोडलेलं गणित

“एवढं बरोबर आहे का, अप्पा?”

“...”

“म्हणजे पुढं जाऊ का? का इथंच काही चुकलंय?”

विरूपाक्षप्पा मास्तर मठाच्या ओसरीवर मांडी घालून वाती वळत होते. कापूस पुष्कळ होता आणि घाई मुळीच नव्हती. बत्तीस वर्षं त्यांनी तालुक्याच्या हायस्कुलात बीजगणित शिकवलं, बायको गेल्यावर घराची किल्ली पुतण्याच्या हातात ठेवली आणि मठात येऊन राहिले. आता त्यांना लहानथोर सगळे अप्पाच म्हणत.

समोर शिवकांता बसली होती. वही, पेन आणि सहा इंची पट्टी घेऊन.

पट्टी रेघा मारायला नव्हती. खोडायला होती.

शिवकांता एकवीस वर्षांची. वडिलांची पिठाची गिरणी. गिरणीचा स्टार्टर बिघडला की माणूस बोलवायची गरज पडत नसे, ती स्टूल घेऊन चढायची आणि उघडून ठीक करायची. तिला आयटीआयला जाऊन इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं. त्याला दहावी लागत होती, आणि दहावीचं बाकी सगळं सुटून गणित तेवढं राहिलं होतं. एकदा नव्हे, दोनदा. वडील कधी रागावले नाहीत. या पुरवणी परीक्षेनंतर तो विषय काढायचा नाही, एवढंच ते म्हणाले. आणि ते एवढंच म्हणाले याचीच तिला जास्त धास्ती वाटली.

पेपर तीन दिवसांवर आला होता.

अप्पांकडे ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या पिशवीत मार्चच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत होती. बोर्डाकडून मागवलेली. अप्पांनी चष्मा पुसून ती दोनदा पाहिली. त्यातल्या तीन गणितांवर ते थांबले. तिन्ही बरोबर. आणि तिन्ही खोडलेली, पट्टी लावून, दोन-दोन सरळ रेघांत.

खोडलेलं कुणी तपासत नाही. सहा गुण कमी पडले होते, आणि त्या तीन गणितांना नऊ होते.

“कुणी खोडली?”

“मीच.”

“का?”

तिनं मान खाली घातली आणि पदराशी चाळा करावा तसं ओढणीचं टोक गुंडाळत सांगितलं. पर्यवेक्षिका बाई तिच्या बाकाजवळ येऊन थांबल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. नुसत्या थांबल्या. तिला वाटलं, काहीतरी चुकलंय म्हणूनच थांबल्या असतील. नंतर कळलं, वरचा पंखा करकरत होता आणि त्या पंख्याकडे बघत होत्या.

यावर अप्पा हसले नाहीत. उद्यापासून ये म्हणाले.

तेव्हापासून आठ दिवस असे गेले. ती एक ओळ लिही, वर बघे, विचारी. अप्पा “हो” म्हणत. ती दुसरी ओळ लिही, वर बघे. “हो.” क्वचित कधी “वजा बघ.” मग पुन्हा “हो.” अवयव पाडायचा अख्खा धडा झाला, वर्गसमीकरणं झाली, वही भरत आली. पण प्रत्येक ओळीला तिला तो “हो” लागायचा. मठाच्या स्वयंपाकघरातली नागम्मा भाकरी थापता थापता ऐकायची. एकदा तिच्यानं राहवलं नाही. श्वास तरी त्यांना न विचारता घेत जा गं, असं ती म्हणाली आणि आपल्याच बोलण्यावर हसत बसली.

आज नववा दिवस, आणि आज अप्पा काहीच बोलत नव्हते.

शिवकांतानं वहीत पाहिलं. क्षचा वर्ग, वजा सात क्ष, अधिक बारा, बरोबर शून्य. तिच्या पुस्तकात क्षच्या जागी एक्स होता. पण अप्पांच्या तोंडी क्ष, म्हणून आता तिच्याही वहीत क्ष.

गुणाकार बारा, बेरीज सात. तीन आणि चार. मधलं पद फोडून तिनं दोन कंस पाडले होते: क्ष वजा तीन, क्ष वजा चार. खाली उत्तर लिहिलं होतं. क्ष बरोबर तीन, किंवा क्ष बरोबर चार.

“अप्पा... बरोबर आहे का?”

अप्पांनी वात तळहातावर घोळवली, टोक ओढलं आणि तबकात ठेवली.

“चूक,” ते म्हणाले.

कुठं चुकलं, हे विचारायचं धाडसही तिला झालं नाही. पट्टी हातात आलीच होती. दोन सरळ रेघा. मग ती वहीवर वाकली. कंसात तर वजा आहे, मग उत्तरात वजा नको का? असंच असणार. तिनं नव्यानं लिहिलं. क्ष बरोबर उणे तीन, किंवा क्ष बरोबर उणे चार.

“आता?”

“बरोबर.”

शिवकांतानं सुटकेचा श्वास सोडला आणि उत्तराशेजारी एक मोठी बरोबरची खूण केली. बघणाऱ्याला वाटावं, तिला पास झाल्याचं पत्रच मिळालं.

अप्पांनी बेलपानांची टोपली तिच्याकडे सरकवली. उद्या सोमवार होता. पूजेला एकशे आठ पानं लागायची. निवडून दे, ते म्हणाले, माझे डोळे आता तेवढे राहिले नाहीत.

हे काम तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिन्ही दळं शाबूत हवीत. किडीनं छिद्र पाडलेलं पान देवाला चालत नाही. ती एकेक पान उचलायची, दाराकडच्या उजेडासमोर धरायची आणि क्षणात इकडं किंवा तिकडं टाकायची. हात भराभर चालत होते. आभाळ भरून आलं होतं, पण दारातून येणारा उजेड त्या कामाला पुरत होता.

बराच वेळ गेला.

मग अप्पांनी हात लांब केला आणि तिनं बाजूला टाकलेल्या ढिगातलं एक पान उचललं.

“हे घे की. चांगलं आहे.”

“नाही अप्पा. त्याला छिद्र आहे.”

“कुठं आहे? मला तर चांगलं दिसतं.”

“देठाजवळ आहे. मधल्या दळाला.”

“मी सांगतो ना, चांगलं आहे.”

“तुम्ही सांगून काय होतंय, अप्पा?” ती पानांवरची नजर न काढता म्हणाली. “छिद्र आहे म्हणजे आहे. उजेडात धरून बघा.”

एवढं बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण कुणाशी बोललो. तिनं जीभ चावली.

अप्पांनी पान उजेडात धरलं. देठाजवळ, मधल्या दळात, मोहरीएवढं आभाळ दिसत होतं.

त्यांनी पान खाली ठेवलं. तिची वही उचलली. आजचं पान उघडलं आणि तसंच, दोन्ही हातांनी, दाराच्या उजेडासमोर धरलं.



...

पानामागून उजेड येत होता. दोन रेघांखालचे तीन आणि चार दिसत होते. शेजारी मोठी खूण केलेले उणे तीन आणि उणे चारही दिसत होते.

शिवकांता बघत राहिली.

पडताळा. शब्द पुस्तकात होता, प्रत्येक धड्यात होता. त्याला गुण नसतात म्हणून तो कुणी करत नसे. तीही करत नसे.

तिनं वही घेतली. क्षच्या जागी उणे तीन ठेवलं. वर्ग नऊ. वजा सात गुणिले उणे तीन, म्हणजे अधिक एकवीस. आणि बारा. बेचाळीस.

शून्य यायला हवं होतं.

उणे चार ठेवलं. सोळा, अठ्ठावीस, बारा. छप्पन्न.

ती थांबली. मग खोडलेल्या ओळींकडे वळली. तीन ठेवलं. नऊ वजा एकवीस अधिक बारा...

शून्य.

स्वयंपाकघरात झाकण खणकन पडलं. शिवकांता दचकली. पण पेन थांबलं नाही. चार ठेवलं. सोळा वजा अठ्ठावीस अधिक बारा.

शून्य.

“अप्पा,” ती हळूच म्हणाली, “पहिलं उत्तर बरोबर होतं.”

“...”

“दुसरं चूक होतं. तुम्ही उलट सांगितलंत.”

“हो.”

“मुद्दाम?”

दारात भाकरीचं पीठ हाताला लागलेली नागम्मा उभी होती. मठात बसून खोटं बोललात की हो मास्तर, ती म्हणाली. बोललो, अप्पा म्हणाले आणि पुन्हा कापूस पिंजू लागले.

शिवकांताला आधी राग आला. तीन दिवसांवर पेपर असताना अशी थट्टा करतात का? मग एकदम भीती वाटली. आठ दिवसांचे ते सगळे “हो”... त्यांतले किती खरे होते? तिनं घाईनं वहीची मागची पानं उलटली. पहिलं समीकरण घेतलं, उत्तर ठेवून बघितलं. शून्य. दुसरं घेतलं. दोन्ही बाजू सारख्या. पाचवं. अकरावं. एका ठिकाणी अप्पांनी “हो” म्हटलं होतं आणि तिचा एक वजा राहून गेला होता. तिथं दोन्ही बाजू जुळेनात. तिनं वजा घातला. जुळल्या.

तिनं तेही वर बघून विचारलं नाही. अर्ध्या तासानं तिच्याच ते ध्यानात आलं, आणि ती एकटीच हसली. हसता हसता डोळे भरून आले, ते तिनं ओढणीनं पुसले.

पिशवीतून छायाप्रत काढून तिनं ती तीन गणितंही पडताळली. रेघांच्या खालून आकडे वाचत. तिन्ही जुळली. मार्चमध्ये त्या खोलीत ती पास होऊन बसली होती, आणि मग तिनं पट्टी घेतली होती.

नागम्मानं ताट वाढून आणलं. भाकरी, पालेभाजी, शेंगाची चटणी. गेले आठ दिवस शिवकांता एक घास खाऊन पुरे म्हणायची. आज तिनं दुसरी भाकरी मागून घेतली. पाल पडली की किंचाळणारी ही पोरगी उद्या खांबावर चढून तारा जोडणार, तेव्हा गावानं मेणबत्त्या आणून ठेवाव्यात, असं नागम्मा म्हणाली. आणि शिवकांतानं तोंडात घास असतानाच सांगितलं, तुमच्या स्वयंपाकघरातलं बटण गेले महिनाभर कडकड करायलंय, ते आधी मीच बघणार आहे.

निवडलेली एकशे आठ पानं तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. वही पिशवीत घातली. पेन घातलं. पट्टी हातात घेतली, जराशी घुटमळली, आणि ती अप्पांच्या वातींच्या तबकाजवळ ठेवून दिली.

पायरी उतरून ती पुन्हा मागं वळली. एवढं सगळं होऊनही मनात एक कोपरा राहिलाच होता.

“अप्पा... पेपरला त्या खोलीत तुम्ही नसाल.”

अप्पांनी वात उजेडात धरली, पीळ बघितला आणि तबकात ठेवली.

“आज तरी कुठं होतो?”