मोराची भट्टी आणि हट्टी सून

फार पूर्वी, पण इतकंही पूर्वी नाही की नानकटाईच नव्हती, एक गाव होतं. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तिथली माणसं काठ्या घेऊन येतील, आणि मला आता पळवत नाही.

त्या गावात घरोघरी भट्टी असायची. चूल आत आणि भट्टी बाहेर, अगदी पुढच्या ओट्यावर. का? तर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसली पाहिजे ना! कुणाच्या भट्टीला पितळेची फुलं, कुणाच्या भट्टीला रंगीत काचा. एकानं तर भट्टीवर कळस बसवला होता. बाहेरगावचा एक म्हातारा देऊळ समजून तिच्या पाया पडून गेला, तर घरमालक महिनाभर तेच सांगत फिरत होता.

आणि नानकटाई? ती मात्र कुणाचीच धड व्हायची नाही. खालून करपायची, वरून पांढरी राहायची आणि मधे कच्ची. मग बायका सुरी घेऊन बसायच्या आणि एकेक नानकटाई उलटी करून तिचं काळं बूड खरवडायच्या. मुलींना पीठ मळायला नंतर शिकवत, खरवडायला आधी. देवीच्या उत्सवात घराघरातून नानकटाईचं ताट देवळात जायचं, तेही वरून फडकं झाकून.

बरं, करपली तर दोष कुणाचा? भट्टीचा? छे! एवढी महागामोलाची, फुलं लावलेली भट्टी चुकेल कशी? "बाईच्या हाताला गुण नाही," असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. हे सांगतानासुद्धा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पण आधी गोष्ट ऐका.

त्याच गावात एक सासरेबुवा होते. मिशी ताठ, मान त्याहून ताठ. त्यांच्या घरात सासूबाई होत्या. लग्न होऊन आल्यापासून त्या एकच ऐकत आल्या होत्या, "तू पिठाला हात लावलास की माती झाली म्हणून समजावं." इतक्यांदा ऐकलं, इतक्यांदा ऐकलं, की शेवटी त्यांनाही पटलं, आपला हातच वाईट. घरात एक मुलगा होता. तो आईकडे बघायचा, वडिलांकडे बघायचा आणि मग आपल्या ताटाकडे बघायचा. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं, आणि नवी सून परगावची होती. तिच्या माहेरी नानकटाई खरवडत नसत.

गावाची एक रीत होती. लग्नानंतरच्या पहिल्या बाजारात नव्या सुनेनं भट्टी निवडायची. म्हणजे निवडायचं सासऱ्यानं. सुनेनं नुसतं खाली बघत भट्टीला हळदकुंकू लावायचं. कुंकू लागलं की ती भट्टी त्या घरची झाली. मग ती बाजारात टाकून जाता येत नसे.

सासरेबुवा सगळ्यांना घेऊन बाजारात गेले. तिथे मधोमध एक भट्टी उभी होती. लोखंडी पत्र्याची, माणसाहून उंच, आणि माथ्यावर पिसारा फुलवलेला पितळेचा मोर. बघायला ही गर्दी! सासरेबुवांचा जीव तिच्यावर जडला. ते म्हणाले, "ठरलं. सूनबाई, लाव कुंकू."

सून पुढे झाली. पण कुंकू लावायच्या ऐवजी तिनं पदर खोचला आणि सरळ भट्टीत डोकं घातलं.

"अगंबाई!" बायका ओरडल्या. "नवी नवरी भट्टीत शिरली!"

सासरेबुवांचा चेहरा लालेलाल झाला. "सूनबाई, बाहेर ये! लोक बघतायत!"

"बघू द्या, मामंजी," आतून आवाज आला. "मी पण बघतेय."

बाहेर आली तेव्हा तिच्या नाकाला पत्र्याची काळी धूळ लागली होती. ती म्हणाली, "मामंजी, हा मोर काय भाजतो?"

"मोर काय भाजणार? मोर शोभेचा आहे!"

"मग मोर भिंतीला टांगू आणि भट्टी भाजणारी घेऊ. हिचा तळ पातळ पत्र्याचा आहे, तो लगेच लाल होणार. छत इतकं उंच, की सगळी ऊब वर जाऊन बसणार. म्हणजे खाली करपणार आणि वर कच्चं राहणार. शिवाय आपण माणसं चार. आपल्या एका ताटासाठी हिला गाडाभर लाकूड घालायचं का?"

"तुला विचारलंय कुणी?" सासरेबुवा गरजले.

"रीतच आहे ना, सुनेनं निवडायचं म्हणून?" सून म्हणाली आणि चालू लागली. बाजाराच्या टोकाला एक कुंभार बसला होता. त्याच्यापुढे मातीची एक बुटकी भट्टी होती. ना फूल, ना काच. सुनेनं तिच्यातही डोकं घातलं. भिंत बोटांनी वाजवून पाहिली, ती जाड होती. छत बुटकं होतं, गोल होतं. दाराची झाकणी लावून पाहिली, ती घट्ट बसली. तिनं कुंभाराला विचारलं, "किती माणसांच्या घराला पुरेल?"

"चार-पाच माणसांना पोटभर," कुंभार म्हणाला. "पण हिला कुणी बघणार नाही हो, बाई."

"मला बघायला नकोय. खायला हवंय," असं म्हणून तिनं चिमूट उचलली आणि कुंकू लावून टाकलं!

सासूबाई घाबरून कुजबुजल्या, "अगं पोरी, काय केलंस हे!" रीतीप्रमाणे आता ती बुटकी भट्टी घरी नेणं भाग होतं. पण सासरेबुवाही काही कमी नव्हते. त्यांनी रागारागानं मोराची भट्टीही घेतली. घरी आणल्यावर ती कुंपणाच्या दारातून आत जाईना. मग कुंपणाची भिंत पाडली. भिंत पडली तरी चालेल, पण मोर ओट्यावर बसला पाहिजे! तो बसला. आणि बुटकी भट्टी गेली मागच्या परसात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी.

सुनेनं परसात पहिला घाणा भाजला, आणि काय सांगू, सगळा कच्चा निघाला! सासरेबुवा पोट धरधरून हसले. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

सून म्हणाली, "मामंजी, अंगण खरंच वाकडं असलं तर? ते कधी कुणी मोजून बघितलंय का? माझी भट्टी ओली आहे, नवी माती आहे. तिला रोज थोडा थोडा जाळ देऊन सुकवावं लागेल. मी घाई केली, ती माझी चूक. पण भट्टी चुकीची नाही."

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" सासरेबुवा म्हणाले. "मग होऊन जाऊ दे. उत्सवाच्या दिवशी सगळ्यांसमोर दोन्ही भट्ट्या लावू. तू हरलीस तर ते मडकं मी स्वतः फोडीन, आणि तू जन्मात पुन्हा पिठाला हात लावायचा नाहीस. कबूल?"

सुनेचा चेहरा उतरला. खरं सांगते, तिला दागिन्यांची हौस नव्हती, लुगड्यांची नव्हती. तिला एकच हौस होती. तूप फेसावं, पीठ मळावं, आणि घरभर वेलदोड्याचा वास सुटला की दारात उभं राहून तो घ्यावा. तेवढंच तिचं होतं, आणि तेच पणाला लावायचं होतं. ती दोन पावलं मागे सरली. मग तिचं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्या कोपऱ्यात खाली मान घालून, सुरीनं खरवडत बसल्या होत्या.

"कबूल," सून म्हणाली. "पण माझीही एक अट आहे. पीठ आत्याबाईंनी मळायचं. एकच गोळा, एकच हात. निम्मं मोरात आणि निम्मं माझ्या भट्टीत."

सासरेबुवा आणखी हसले. "हिच्या हातचं? अगं, हिच्या हाताला तर गुणच नाही!"

"मग बरंच की. दोन्हीकडे सारखाच वाईट हात असेल."

सासूबाईंनी रात्री सुनेला जवळ घेतलं. "पोरी, माझ्या पायी तू हरशील गं. दुसऱ्या कुणाकडून मळून घे."

"आत्याबाई," सून म्हणाली, "तुमचं पीठ मी रोज बघते. तूप फेसून पांढरंशुभ्र होईतो तुम्ही थांबत नाही. असं पीठ माझ्या आईलासुद्धा जमत नाही." सासूबाईंना हे खोटं वाटलं. पण त्यांना झोप लागली नाही.

उत्सवाचा दिवस उजाडला. ओट्यावर आणि परसात माणसांची दाटी झाली. सासूबाईंनी तूप आणि पिठीसाखर फेसली, रवा-मैदा घातला, वेलदोडा घातला, गोळा मळला आणि त्याचे दोन भाग केले. सासरेबुवांनी मोराच्या पोटात लाकडांची रास ओतली. ज्वाळा मोराच्या पिसाऱ्यापर्यंत गेल्या. लोक म्हणाले, "वा! भट्टी असावी तर अशी!"

परसात सुनेनं थोड्याशा काटक्या पेटवल्या. भट्टी चांगली तापली, तसं तिनं सगळे निखारे ओढून बाहेर काढले.

"बघा, बघा!" सासरेबुवा टाळी देत म्हणाले. "हिनं जाळच काढून टाकला! आता काय फुंकर मारून भाजणार?" सगळे खदाखदा हसले. नवराही हसला, पण बायकोनं बघितल्यावर गप्प बसला.

सुनेनं चिमूटभर पीठ आत टाकलं. ते लगेच काळं झालं. "अजून फार तापलेली आहे," ती म्हणाली आणि थांबली. लोकांना थांबवेना. सासरेबुवांचं ताट तर केव्हाच मोरात गेलं होतं. सून मात्र हलली नाही. थोड्या वेळानं तिनं पुन्हा चिमूट टाकली. या वेळी पीठ सावकाश बदामी झालं. तिनं ताट आत सारलं, झाकणी लावली आणि भट्टीला पाठ टेकून बसली.

आधी मोर उघडला. आधी धूर आला, मग वास आला, आणि मग ताट. खालून कोळसा, वरून पांढरी, मधे लगदा. सासरेबुवा घाईनं म्हणाले, "बघितलंत? हिच्या हाताला गुण नाही म्हणून सांगत होतो ना मी?"

मग परसात झाकणी निघाली. सासूबाई सुरी घेऊनच पुढे झाल्या. सवय हो, दुसरं काय! त्यांनी एक नानकटाई उचलली आणि उलटी केली. बूड बदामी होतं. दुसरी उलटी केली, तीही बदामी. एकेक करत त्यांनी सगळं ताट उलटं करून पाहिलं. खरवडायला काही नव्हतं. त्या तशाच खाली बसल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"योगायोग आहे," सासरेबुवा पुटपुटले.

सासूबाई उठल्या. आजवर त्यांचा आवाज माजघराच्या बाहेर गेला नव्हता. "अहो, योगायोग कसला? पीठ माझं. तूप माझं. हात माझा! तोच हात तिकडे, तोच हात इकडे! माझ्या हातात भट्टी वाईट दिलीत तुम्ही आणि मला वाईट म्हणालात. आणि मी मूर्ख, मी मान्य केलं! आजपासून नाही करायची!"

आणि त्यांनी काय केलं असेल? ताट उचललं, झाकायला आणलेलं फडकं कोंबड्यांच्या खुराड्यावर भिरकावलं, आणि उघडं ताट डोक्यावर घेऊन भर रस्त्यानं देवळाकडे निघाल्या. मागे सून. तिच्या मागे एक शेजारीण, मग दुसरी. देवळाच्या पायरीवर त्यांनी देवीला नैवेद्य दाखवला आणि मग सगळ्या बायकांना एकेक नानकटाई दिली. बायकांनी आधी ती उलटी करून पाहिली. मग खाल्ली. मग एकमेकींकडे पाहिलं आणि तडक आपापल्या घरी गेल्या. संध्याकाळी घराघरातून आवाज येऊ लागले, "अहो, जरा इकडे या. मला तुमच्याशी त्या भट्टीबद्दल बोलायचंय!"

कळसवाल्याच्या बायकोनं बोलण्यात वेळ घालवला नाही. तिनं कुदळच घेतली.

बाजारच्या दिवशी त्या कुंभारापुढे बायकांची रांग लागली. ज्यांचं घर मोठं त्यांनी मोठी भट्टी घेतली, ज्यांचं लहान त्यांनी लहान घेतली, आणि पत्र्याची असो की मातीची, आत वाकून बघितल्याशिवाय कुणी कुंकू लावलं नाही.

सासरेबुवांचं काय झालं? ते हट्टानं मोराशेजारीच बसून राहिले. घरात रोज वेलदोड्याचा वास सुटायचा. मुलगा खायचा, शेजारची पोरं खायची. सासरेबुवांपुढे सासूबाई चहा ठेवायच्या, नुसता चहा.

शेवटी एके दिवशी त्यांना राहवेना. "अगं, एक नानकटाई दे की," ते हळूच म्हणाले.

"देते," सासूबाई म्हणाल्या. "आधी म्हणा."

"काय म्हणू?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

सासरेबुवांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. रस्त्यानं माणसं जात होती. ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुझा हात चुकला नव्हता."

"मोठ्यानं म्हणा. आजवर म्हणायचात तेवढ्या मोठ्यानं."

सासरेबुवांनी डोळे मिटले आणि ते सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडले, "हिचा हात कधीच चुकला नव्हता!"

तेव्हा कुठे सासूबाईंनी ताट पुढे केलं.

यातून घ्यायचं ते एवढंच, आणि याला तात्पर्य म्हणा हवं तर: भट्टी घ्यायची ती घरातल्या खाणाऱ्यांसाठी, रस्त्यावरच्या बघणाऱ्यांसाठी नव्हे, आणि काम बिघडलं की करणारीच्या हाताला नावं ठेवण्याआधी, त्या हातात आपण काय दिलं होतं ते वाकून बघावं.