गोमतीने कापलेली सांधणी

एका राज्यात कोंबड्यांच्या आधी माग जागे होत. त्यांच्या खटखटीने राजा डोळे उघडी आणि घरोघरी चुली पेटत. तिथल्या लुगड्यांच्या पदरावरचे मोर भूक लागली की ओरडत, मग बायका पदरावर चार दाणे टाकत. यात कुणाला नवल वाटत नसे.

त्या राज्याची एक रीत होती. लुगडे विणून झाले तरी मागावरचे सगळे सूत कापायचे नाही. चार बोटे जुना ताणा, म्हणजे उभे धागे, मागाच्या फणीत तसाच ठेवायचा, आणि नव्या ताण्याचा एकेक धागा बोटाला राख लावून जुन्याच्या टोकाला पिळायचा. दोघी समोरासमोर बसत. एकीने धागा द्यायचा, दुसरीने पिळायचा. याला सांधणी म्हणत. म्हणून तिथले कुठलेच लुगडे नव्याने सुरू होत नसे; आधीच्या कुणाच्या तरी लुगड्यातूनच ते पुढे निघे.

चिमाकाकूंच्या विणशाळेत गोमती नऊ वर्षे शिकली. मग नदीपलीकडून शालन आली आणि दोन वर्षांत मोर काढू लागली. गोमतीचा मोर पाहून लोक म्हणत, "सुरेख!" शालनचा मोर पाहून काहीच म्हणत नसत, नुसते बघत राहत. त्यांचे ते न बोलणे गोमतीला जेवताना आठवे आणि ती ताट अर्धेच टाकून उठे.

राजकन्येचे लग्न ठरले. शालू विणायचे काम विणशाळेकडे आले.

"गोमती, शालू तू विणायचा," काकू म्हणाल्या. गोमतीच्या अंगावर मूठभर मांस चढले. "मोठ्या मागावर बस. शालनचं लुगडं आजच उतरलंय. तिच्याच ताण्याला सांधून घे."

"तिच्याच? दुसरा माग नाही का, काकू?"

"का गं? तिचं सूत चावतं?"

साऱ्याजणी हसल्या. शालनही हसली. तिच्या हसण्यात खोट नव्हती, आणि गोमतीला तेच जास्त लागले.

भर दुपारी बायका भाकरी खायला अंगणात बसल्या, तेव्हा गोमती एकटी मागापाशी आली. तिच्या सुताला माझे सूत लागणार. उद्या मोर नाचला तर लोक म्हणतील, शालनचाच गुण उतरला. तिने कात्री घेतली. कच्! चार बोटांचा ताणा भुईवर पडला.

मागाखालून धूर निघाला. धुरातून जादूगार धूम्रकेश उभा राहिला. गोमती एवढी दचकली की कात्री तिच्याच पायावर पडली.

"भिऊ नकोस, तुझे उपकार झाले," तो म्हणाला. "राज्याराज्यांच्या कला माझ्या पेटीत आहेत. पण बाहेरून मला एक धागाही तोडता येत नाही. घरच्याच माणसाने कापले तर ते माझे. बदल्यात तुझ्या मनातले देतो. आजपासून ही कला तुझी एकटीची."

कापलेले सूत त्याने तांब्याच्या पेटीत कोंबले आणि तो विरून गेला.

अंगणातून बायका परतल्या. शालन मागावर बसली आणि आपल्याच हातांकडे परक्यासारखी पाहू लागली. काकूंनी आडवे सूत नेणारा धोटा उलटा धरला. "हे काय असतं गं?" राजाच्या उपरण्याचा काठ भर दरबारात सुटून पायांत लोळला. पदरावरचे मोर मुके झाले. राज्यात एकच माग वाजत राहिला, गोमतीचा.

सात दिवस ती सुखात होती. जे विणी त्याला लोक म्हणत, "सुरेख!" आठव्या दिवशी काय मनात आले कोण जाणे, तिने मुद्दाम वाकड्या मानेचा मोर काढला.

"सुरेख!" काकू म्हणाल्या.

"सुरेख," शालनही म्हणाली.

गोमतीने धोटा खाली ठेवला. बरे-वाईट ओळखणारे कुणीच उरले नव्हते. जिच्यावर जळावे तीसुद्धा उरली नव्हती. उद्या आपण डोळे मिटले की हा मोर कायमचा गेला.

ती विहिरीवरच्या बाभळीकडे धावली. तिथे विणणाऱ्यांना अडीअडचणीत सल्ला देणारा सुगरण पक्षी खोपा विणत होता.

"विणतो मी, आणि लोकांनी नाव ठेवलं सुगरण!" पक्षी कुरकुरला. "बोल, काय हवे?"

"शाप उतरायला हवा."

"तीन गोष्टी कर. लपवलेली खूण सगळ्यांना सांग. नवख्या हाताने बिघडवलेले उसवू नकोस. आणि विचारतील तेव्हा खरे बोल."

"एवढंच?"

"एवढंच म्हणणाऱ्या फार पाहिल्या."

गोमतीने दवंडी पिटवली. माळीण आली, कुंभारीण आली, राणीसुद्धा पदर खोचून आली. मोराची मान वळवताना हिरवे दोन धागे डाव्या अंगठ्याच्या नखाने सैल धरायचे, ही खूण तिने नऊ वर्षे काकूंनाही दाखवली नव्हती. आता सांगताना तिने अंगठा दोनदा पदराआड लपवला. तरी सांगितली.

मग सगळ्याजणी मिळून राजकन्येचा शालू विणू लागल्या. मोठ्या मागाची रिकामी फणी पुन्हा भरायची तर समोर कुणी हवे. गोमतीने शालनला बसवले आणि अक्षर गिरवून घ्यावे तसा एकेक धागा तिच्या हाती दिला. पदरावर पहिला मोर गोमतीने काढला. दुसरा भिमा माळिणीने काढला, तर त्याला तीन पाय झाले! गोमतीची बोटे शिवशिवली. ती आपल्या हातांवर बसून राहिली, पण उसवले नाही. तिसरा शालनने काढला.

दरबार भरला. राजाने शालू पाहिला. "यांत उत्तम मोर कोणता?"

कुणालाच ठरवता येईना. सगळे गोमतीकडे वळले. तिच्या कानाशी धूर वळवळला, "तुझा म्हण. कळतंय कुणाला?"

खरेच कुणाला कळणार होते? तिच्या मोरात कणभर चूक नव्हती. पण शालनचा मोर आता मान वळवून आपल्यालाच हाक मारील, असे गोमतीला वाटत होते. शिकवलेल्या खुणेच्याही पलीकडे ती पोरगी गेली होती. गोमतीच्या छातीत निखारा फुलला.

"महाराज, माझ्या जिवाची आग होते आहे, म्हणून एकदाच सांगते. उत्तम मोर शालनचा."

तांब्याची पेटी फुटल्याचा आवाज साऱ्या राज्याने ऐकला. धूर विरला तो कायमचा. कोंडलेले सूत उडाले आणि ज्याच्या त्याच्या हातात शिरले. राजाचा काठ आपोआप जागेवर बसला, पदरावरचे मोर एकदम केकाटले. परराज्यांच्या कलाही आपापल्या वाटेने घरी गेल्या.

"गोमते!" काकू कडाडल्या. "तो वाकड्या मानेचा मोर कुणी काढला? आणि मी त्याला सुरेख म्हणाले?"

दरबार हसला. गोमती मात्र शालनपुढे जाऊन उभी राहिली. "मान कशी वळवलीस? मला शिकव."

"उद्या ये," शालन म्हणाली. "पण लवकर ये हं, मी थांबायची नाही."

राजकन्या तो शालू नेसून सासरी गेली. भिमाचा तीन पायांचा मोर वऱ्हाडात सगळ्यांच्या पुढे चालला. मागांची खटखट पुन्हा सुरू झाली. जे हात शिकतात आणि शिकवतात, त्या सगळ्यांच्या दारी तशीच होवो. आणि गोमतीचा मत्सर? तो काही गेला नाही. फक्त आता तो रोज सकाळी उठून शिकायला जातो.